थोरल्या चार रांगा

दिनू, तुझ्या तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळे माझ्याकडे वळले. चाळीस वर्षांची मैत्री, तेव्हा चार शब्द मीच बोलायचे हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी खोकल्याचं निमित्त केलं, पाणी प्यायला म्हणून तुझ्या स्वयंपाकघरात गेलो आणि लोक पांगल्यावरच बाहेर आलो. सगळ्यांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. सुनंदावहिनींनी तर स्वतःचं दुःख बाजूला ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुझ्या बायकोचा तो हात पाठीवर असताना मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मला बोलायचं होतं ते फक्त तुझ्याशी, आणि तेही तुझ्या बागेतल्या थोरल्या चार रांगांबद्दल. तू असताना ते बोलायला मला सात महिने मिळाले होते, आणि त्या सात महिन्यांत मी तुझ्याशी हवापाण्यापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोललो.

तू बाग लावलीस तेव्हा मला राग आला होता, हे तुला कधी कळलं का? शॉमबर्गच्या त्या ऑफिसात आपण शेजारी शेजारी बसायचो, एकाच डब्यातलं खायचो, आणि तू मला न विचारता इलिनॉयच्या पार वायव्य कोपऱ्यात पाच एकर घेऊन आलास. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन, मध्ये तुझा तो उताराचा तुकडा. म्हणालास, द्राक्षं लावतो. मी हसलो. नागपूरचा, संत्र्याच्या गावचा माणूस, त्यातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आणि म्हणे द्राक्षं लावतो. द्राक्ष हा माझा विषय होता. पिंपळगावला आमची बाग, वडिलांनी मांडवाखाली आयुष्य काढलेलं, मी शाळेतून आलो की दप्तर टाकून आधी बागेत. आणि तू माझा सल्ला न घेता विद्यापीठाच्या पुस्तिका वाचत होतास, शेतकऱ्यांच्या शनिवारच्या वर्गांना जात होतास, पुढच्या बाकावर बसून वहीत लिहून घेत होतास.

त्या पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात मी कात्री घेऊन तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? रोपं जेमतेम गुडघ्याएवढी झाली होती. आमच्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी. एप्रिलात खरडून काढायची, ऑक्टोबरात फळासाठी छाटायची, आणि जानेवारीपासून घड तोडायचे. वडील दसऱ्याला कात्रीला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि देवाचं नाव घेऊन पहिली काडी कापायचे. मी तसाच ताठ मानेनं तुझ्या रांगेत शिरलो, तर तू माझं मनगट धरलंस.

"अबे थांब. इथं नाही चालत ते."

"द्राक्ष ते द्राक्ष. तू मला शिकवणार?"

"तुमची वेल झोपतच नाही सुऱ्या. ही झोपते. झोपायच्या आधी हिला कापली तर ही जागीच राहते अन् थंडीत मरते. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात," मी म्हणालो. त्या दिवसापासून तुला चिडवायला मला तो शब्द पुरला. तू काहीही सांगितलंस की मी विचारायचो, पुस्तकात आहे का? तुला माझा राग कधीच आला नाही, हा तुझा दोष होता. रागावला असतास, एकदा तरी कडकडून भांडला असतास, तर कदाचित ती गोष्ट माझ्या डोक्यात जरा खोल गेली असती.

पुढं बावीस वर्षं आपण वाद घालत राहिलो. तू लावल्यास त्या, या भागात तेव्हा सगळेच लावायचे तशा, फ्रेंच वाणाच्या संकरातून निघालेल्या काळ्या द्राक्षाच्या वेली. त्यांचं नाव माझ्या जिभेवर कधी नीट बसलं नाही. मग दोनचार कडक हिवाळे आले आणि आजूबाजूचे बागाईतदार एकेक करून त्या वेली उपटायला लागले. मिनेसोटाकडून नव्या जाती आल्या होत्या, उणे पंचवीस, उणे तीस फॅरनहाइटला टिकणाऱ्या. ज्याच्या त्याच्या बागेत त्याच. तिकडे आमच्या पिंपळगावलाही तेच चाललं होतं. माझ्या धाकट्या भावानं वडिलांच्या हातची थॉमसन काढून टाकली आणि परदेशी लाल वाण लावला, त्याच्यावर प्लास्टिकचं आच्छादन घातलं. फोनवर तो मला मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये सांगायचा. मी तुला म्हणायचो, बघ, माझा भाऊ बदलला, तुझे शेजारी बदलले, तूच एक हटून बसलायस. काढून टाक.

तू अर्धंच ऐकलंस. सहा वर्षांपूर्वी खालच्या अंगाला मिनेसोटावाल्यांच्या नऊ रांगा लावल्यास, पण वरच्या चार रांगांना हात लावू दिला नाहीस. त्यांना थोरल्या म्हणायला लागलास आणि नव्यांना धाकट्या. वहिनी म्हणायच्या, मुलगी एकच दिली देवानं, म्हणून यांनी तेरा सुना करून ठेवल्यात. थोरल्यांसाठी तू किती खटपटी केल्यास ते मी पाहिलंय. दरेक वेलीला एकाऐवजी दोन खोडं धरलीस, एक मेलं तर दुसरं असावं म्हणून. थंडीआधी बुंध्याशी माती चढवायचास. मार्च महिना आता अवेळी तापतो, वेली फसून लवकर फुटतात आणि मेमध्ये हिमाचा एक तडाखा बसला की वर्ष गेलं, हे तुझ्या लक्षात आलं, तेव्हा तू छाटणी पुढं ढकलत नेलीस. आधी फेब्रुवारीत छाटायचास, मग मार्चमध्ये, मग एप्रिलमध्ये दोन हप्त्यांत, आधी लांब काडी ठेवून आणि मग आखूड करून. शेजारचे लोक छाटून मोकळे झाले तरी तू आपला हात बांधून बसलेला. मी म्हणायचो, आळसाला नवं नाव दिलंय यानं.

"थोरल्या टिकतात," तू म्हणायचास. "थंडीनं नाही मरत रे ह्या. माणूस घाई करतो म्हणून मरतात."

"एखादा खरा हिवाळा येऊ दे, मग सांग."

"येऊ दे न. तू अन् मी दोघंही इथंच आहोत."

गेल्या सप्टेंबरात तुला काविळीसारखं झालं आणि पंधरा दिवसांत त्या काविळीचं खरं नाव कळलं. धाकट्यांची तोडणी मी, माझी बायको शैला आणि मीरानं केली. तुझी मुलगी श्रूजबरीहून विमानानं आली होती, दोन दिवसांच्या रजेवर. थोरल्यांची तोडणी तू खुर्चीवर बसून करून घेतलीस. घड हातात घेऊन एक मणी तोंडात टाकायचास आणि डोळे मिटून बसायचास. मी तुझ्याकडे बघत होतो. मनात म्हटलं, हा माणूस पुढच्या वर्षी इथं नसेल. तोंडानं म्हटलं, साखर कमी भरलीय या वर्षी.

ऑक्टोबरात तुझं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात तुझ्या पोटाला नळ्या लावल्या होत्या आणि वहिनी तिथंच खुर्चीत झोपत होत्या. तू मला म्हणालास, बागेत जाऊन पंपातलं पाणी तेवढं काढून ये, गोठलं तर फुटेल. मी एकटाच निघालो. त्या दिवशी दसरा होता. सकाळी शैलानं श्रीखंड केलं होतं, मी दोन घास खाल्ले आणि गाडीत बसलो. दोन तासांच्या रस्त्यात मक्याची शेतं कापणीला आलेली, ऊन असं की खिडकी उघडी ठेवली. बागेत पोचलो तर थेट पिंपळगावचा ऑक्टोबर. तशीच हवा, तसंच पिवळं ऊन, पानं अजून वेलींवर.

पाणी काढलं. शेडमध्ये तुझ्या खिळ्याला तुझी कात्री लटकत होती, लाल मुठीची. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी ती काढली, फडक्यानं पुसली. हळदकुंकू कुठलं असणार, शेडच्या बाहेर वहिनींनी लावलेला झेंडू होता, त्याचं फूल तोडून कात्रीवर ठेवलं आणि हात जोडले. तुझ्यासाठी जोडले. म्हटलं, याला बरं कर. मग वडील करायचे तशी एक काडी कापायची म्हणून थोरल्यांच्या पहिल्या रांगेत गेलो. एकच कापायची होती.

कात्रीचा तो आवाज पन्नास वर्षांनी तशाच उन्हात कानावर आला आणि माझे हात थांबले नाहीत. हात सगळं जाणत होते. कुठला डोळा ठेवायचा, कुठून तिरपं कापायचं, वडील मागं उभे असल्यासारखं मी करत गेलो. डोक्यात हिशेब असा चालला होता की एप्रिलात हा छाटायच्या अवस्थेत नसणार, मीरा कुठून येणार, मग हे काम मी आजच उरकून टाकतो. आणि तुझं झोपेचं पुस्तक आठवलं नाही असं नाही, दिनू. आठवलं. पण गेले दोन हिवाळे धड बर्फ पडला नव्हता. इथला हिवाळा आता काय हिवाळा राहिलाय, असं मीच माझ्याशी म्हणालो. आणि आणखी एक म्हणालो, ते तुला सांगायलाच हवं. म्हणालो, टिकल्या तर बावीस वर्षांनी कळेल याला, पिंपळगावची छाटणी काय असते ते. संध्याकाळी कमरेचा काटा मोडला तेव्हा थोरल्यांच्या चारही रांगा छाटून झाल्या होत्या. धाकट्यांना वेळच उरला नाही.

घरी येऊन शैलाला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "दिनूभावजींना विचारलंत?"

"सरप्राइज आहे."

"आजारी माणसाला कसलं सरप्राइज? उद्या फोन करून सांगा."

दुसऱ्या दिवशी तुला ताप होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी रडत होत्या. मग तू घरी आलास, केमो सुरू झाली, आणि तुझ्या ओकाऱ्यांच्या मध्ये कुठं मी तुला छाटणीचं सांगणार होतो? शैला दर आठवड्याला विचारायची, सांगितलंत का. पुढं पुढं तिनं विचारायचं सोडून दिलं, नुसती बघायची.

जानेवारीत आला तो हिवाळा. आपण वादात ज्याला खरा हिवाळा म्हणायचो, अगदी तसा. पाच दिवस शाळा बंद, गाड्या सुरू होईनात, घराच्या भिंती आतून गार लागत होत्या. तू पलंगावर पडून फोनवर बागेकडचं तापमान बघायचास आणि मला कळवायचास. उणे अठरा. उणे बावीस. घाबरलेला नव्हतास. उलट डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी चमक आली होती.

"आता कळेल बे सुऱ्या," म्हणालास. "थोरल्या राहिल्या, तर कबूल करशील?"

मी हो म्हणालो. घरी जाऊन गॅरेजमध्ये गाडी बंद करून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

मार्चमध्ये तू मला काड्या आणायला सांगितलंस. दर वर्षी तू डोळे तपासायचास. काडीवरचा डोळा ब्लेडनं आडवा कापायचा, आत हिरवं दिसलं तर जिवंत, काळं पडलेलं असलं तर गेला. शंभर डोळे कापायचे आणि किती जिवंत ते बघून छाटणी ठरवायची. थोरल्यांच्या आण, म्हणालास, धाकट्यांची काळजी नाही. मी गेलो. पाय बर्फात रुतत होते. मी छाटलेल्या थोरल्यांवर आखूड खुंट तेवढे उरले होते. तिथंच उभ्यानं खिशातल्या ब्लेडनं दहा डोळे कापले. दहाही काळे. मग वीस कापले. मग खोडाची साल नखानं खरवडली, ती आत तपकिरी. काही खोडं तर उभी तडकलेली होती. आणि खाली दहा पावलांवर, मी हात न लावलेल्या धाकट्या. त्यांचे डोळे हिरवे.

तुला काय आणून दाखवणार होतो? थोरल्यांना काड्याच उरल्या नव्हत्या. त्या बघितल्या असत्यास तर छाटलेल्या आहेत हेही कळलं असतं. मी धाकट्यांच्या काड्या कापल्या, जुडी बांधली आणि शॉमबर्गला आलो.

दिवाणखान्यात तुझा पलंग लावला होता. वहिनींनी तुझ्या मांडीवर ताट ठेवलं. तुला ब्लेड धरवत नव्हतं, म्हणून मी कापत होतो आणि तू बघत होतास. हिरवा, हिरवा, हिरवा, काळा, हिरवा. तू बोटांवर मोजत होतास. चाळीसच्या पुढं कधीतरी तू त्यातली एक काडी उचललीस. अंगठ्यानं पेरावरून हात फिरवलास, काडी जरा उजेडाकडे केलीस. बावीस वर्षं ज्यानं त्या वेली लहानाच्या मोठ्या केल्या, त्याला थोरलीची काडी आणि धाकटीची काडी ओळखू येणार नाही असं मी कसं समजलो? पण समजलो. तू काडी ताटात ठेवलीस आणि म्हणालास, "चांगल्या आहेत." मग वहिनींना म्हणालास, "सुऱ्याला चहा दे, थंडीतून आलाय."

तो चहा मी प्यालो. सुटलो असं वाटलं मला. हे लिहिताना माझीच मला शिसारी येते, पण त्या क्षणी खरंच सुटल्यासारखं वाटलं. तू त्यानंतर बागेचं एकदाही काही विचारलं नाहीस. मी समजलो, थकलाय. एप्रिलात तू बहुतेक झोपूनच असायचास. एकदा जागा झालास, माझा हात धरलास आणि म्हणालास, "तुझा जीव फार आहे रे माझ्यावर." मी म्हणालो, उगाच काहीतरी बोलू नकोस. तेव्हा सांगता आलं असतं. तू हात धरलेला होतास, वहिनी वर कपड्यांच्या घड्या करत होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी तुला विचारलं, उशी उंच करू का?

मेमध्ये तू गेलास. धाकट्या तेव्हा वीतभर फुटल्या होत्या.

मीरानं ठरवलंय, बाग विकायची नाही. महिन्यातून एक आठवडा तिला तिथून काम करता येतं म्हणते. मला केवढं बरं वाटलं असतं, दुसरी कुठली वेळ असती तर. तिनं बागाईतदारांच्या संघातल्या एका जाणत्या माणसाला बाग दाखवली. तो थोरल्यांमधून फिरला, मान हलवली आणि म्हणाला, या जातीचे दिवस संपले, तुझ्या वडिलांना आम्ही सगळे सांगत होतो, हा एक हिवाळा पुरला. ही गोष्ट आता त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. दिनकरचा हट्ट, आणि त्या हट्टाचं काय झालं ते. मीरानं थोरल्या उपटायला मशीनवाल्याला सांगून ठेवलं आणि मला बोलावलं, की काका, त्याआधी एकदा तुम्ही बघून जा.

गेल्या रविवारी गेलो. ती रांगेच्या तोंडाशी उभी होती, तुझी टोपी घालून. तिच्या मागं त्या चार रांगा, तारांवर नुसती वाळलेली खोडं. पण खाली बुंध्याशी बघितलं तर कोंब होते. प्रत्येकीला नाही, पण बऱ्याच जणींना, मातीतून वर आलेले, पोपटी. तू माती चढवली होतीस ना, दर वर्षी. शेवटची चढवून घेतली होतीस ती तोडणीनंतर, खुर्चीवर बसून, माझ्याकडूनच. मुळं जिवंत होती. थोरल्या दुसऱ्या कुठल्या जातीच्या मुळावर कलम केलेल्या नाहीत, आपल्याच मुळावरच्या आहेत, म्हणजे खालून येतील त्या थोरल्याच असतील. मी ते मीराला सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"काका, बाबांचा एक मेसेज आहे तुमच्यासाठी. ही टोल्ड मी की घरी सांगू नकोस, बागेत गेल्यावर सांग."

"काय?"

"तुम्ही मार्चमध्ये त्यांना त्या स्टिक्स दाखवल्या ना, त्या धाकट्यांच्या होत्या. ही न्यू. हातात घेतल्या घेतल्या कळलं होतं त्यांना. मला म्हणाले, थोरल्या गेल्या, आणि सुऱ्याला मला सांगवलं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं केलं, त्याला बोलू नकोस." ती हसली, डोळे पुसले. "आणि म्हणाले, काकाला सांग, तो बरोबर होता. आय वॉज स्टबर्न. थोरल्या काढून टाक आणि नव्या लाव, काकाला विचारून लाव. ही सेड यू वन, काका."

बावीस वर्षांच्या वादात तू पहिल्यांदा हार मानली होतीस, दिनू, आणि ती मला पोचवायला मुलीला सांगून ठेवली होतीस.

मी खाली बसलो, ओल्या गवतात. मीराला वाटलं, मला भरून आलंय, ती शेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्या डोक्याचा भार खांद्यावर असताना मी तिला सांगितलं. दसरा, कात्री, चार रांगा, एका दिवसात. तू कधी छाटायचास आणि का तेव्हाच छाटायचास. धाकट्या टिकल्या त्या मिनेसोटाच्या म्हणून, पण थोरल्यांना मी झोपण्याआधी कापलं नसतं तर त्यांनीही तो हिवाळा काढला असता. निदान बऱ्याच जणींनी. तुझी जात चुकली नव्हती, तुझी पद्धत चुकली नव्हती. तुझ्या बागेत त्या वर्षी एकच गोष्ट वेगळी झाली होती, ती मी केली होती.

तिनं डोकं कधी उचललं ते कळलं नाही. ती समोरच्या खोडाकडे बघत होती, मी कापलेल्या खुंटाकडे. मग म्हणाली, "बाबांना हे माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे बाबा गेले ते आपण चुकलो असं समजून."

मी हो म्हणालो. 

ती उठली, थोडी लांब गेली आणि फोनवर बोलली. परत येऊन उभ्यानंच म्हणाली, "मशीन कॅन्सल केलं. थोरल्या राहतील." आवाज अगदी तुझ्यासारखा, न चढलेला. "पण काका, तुम्ही इथं येऊ नका आता. प्लीज. आणि फोन पण नको. आय कान्ट, राइट नाऊ." मी बरं म्हणालो. तिनं मला हात देऊन उठवलं, गाडीपर्यंत सोडायला आली, शैलाकाकूला नमस्कार सांगा म्हणाली, आणि मी रस्त्याला लागेपर्यंत तिथंच उभी राहिली.

तेव्हा तुला आता सांगतो. वाद तू जिंकला होतास. हे आधी तुला, मग वहिनींना, मग त्या संघातल्या शहाण्याला, सगळ्यांना सांगणार आहे मी. पण दिनू, त्या कोंबांचं काय करायचं ते मीराला माहीत नाही. या पंधरवड्यात दरेक बुंध्याशी दोन चांगले कोंब ठेवून बाकीचे काढायला हवेत, त्यांना काठीला बांधायला हवं, नाहीतर सगळीच झुडपं होतील आणि येत्या हिवाळ्यात मरतील. एवढंच सांगायचं आहे तिला, दोन मिनिटांचं काम. तुला सांगता येत नाही, आणि माझा फोन ती घेत नाही.